दूतावासाला कुलूप, यात्रेकरूला वाट

रमजानचा महिना लागला की गावोगावच्या मोहल्ल्यांत उमऱ्याच्या गोष्टी सुरू होतात. कुणाची आई पहिल्या दहा रोजांतच निघालेली असते, कुणाचे चाचा-चाची शेवटच्या दहा दिवसांसाठी सामान बांधत असतात. हज वर्षातल्या ठराविक दिवसांतच होतो. उमरा ही मक्केची छोटी यात्रा वर्षभरात केव्हाही करता येते. तरी रमजानमधल्या उमऱ्याचे मोल हजच्या बरोबरीचे, अशी श्रद्धा असल्याने या महिन्यात गर्दी उसळते. निघण्याच्या आदल्या दिवशी नातेवाईक येतात, शेजारपाजारचे येतात. त्यांत हिंदू शेजारीही असतात. ‘आमच्यासाठीही दुआ मागा’ एवढेच सांगून चहा पिऊन जातात. परत आल्यावर खजूर आणि जमजमचे पाणी त्यांच्याही घरी पोहोचते.

या सगळ्या गडबडीत एका कागदाकडे मात्र कुणी फारसे बघत नाही. तो म्हणजे व्हिसा. ट्रॅव्हलवाल्याच्या मोबाइलवर तो येतो, छापून फाइलमध्ये जातो आणि विमानतळावर दाखवला की त्याचे काम संपते. तो इतका सहज मिळतो, कारण दिल्लीत सौदी अरेबियाचा दूतावास आहे, रियाधमध्ये भारताचा आहे आणि दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलतात. पण जिथे दोन देशांत बोलणेच बंद आहे, दूतावासांना कुलपे आहेत किंवा एका देशाने दुसऱ्याला देश म्हणूनच मानलेले नाही, तिथल्या माणसाने काय करायचे? त्याची यात्रा, त्याचा सलाम, त्याची पलीकडे राहिलेली बहीण यांचे काय?

हा प्रश्न आजचा नाही. इस्लामच्या इतिहासात तो अगदी सुरुवातीलाच आला होता.

हुदैबियाचा कागद

हिजरी सन ६, म्हणजे इ.स. ६२८. प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे सुमारे चौदाशे साथीदार मदिनेहून उमऱ्यासाठी निघाले. अंगावर यात्रेची पांढरी वस्त्रे, बरोबर कुर्बानीचे उंट. हत्यार म्हणावे तर प्रवाशाजवळ असते तेवढी म्यानातली तलवार. मक्केवर तेव्हा कुरैश टोळीची सत्ता होती आणि कुरैशांशी तीन मोठ्या लढाया होऊन गेल्या होत्या. कुरैशांनी वाट अडवली. मक्केबाहेर काही कोसांवर हुदैबिया नावाच्या ठिकाणी हा काफिला थांबला. हजरत उस्मान बोलणी करायला मक्केत गेले. ते वेळेवर परतले नाहीत तेव्हा त्यांना मारल्याची अफवा उठली. वातावरण तापले, पण उस्मान सुखरूप परतले आणि कुरैशांच्या वतीने सुहैल बिन अम्र तह करायला आला.

तहाचा मसुदा हजरत अली लिहीत होते. ‘अल्लाहचे प्रेषित मुहम्मद’ असे शब्द येताच सुहैलने हरकत घेतली. तुम्ही प्रेषित आहात हे आम्ही मानत असतो तर तुम्हाला अडवले कशाला असते, असा त्याचा मुद्दा होता. ‘अब्दुल्लाहचे पुत्र मुहम्मद’ असे लिहावे, एवढाच त्याचा आग्रह. अलींचा हात ते शब्द खोडायला धजेना. तेव्हा प्रेषितांनी ते स्वतः पुसले.

तहानुसार मुसलमानांनी त्या वर्षी परत जायचे होते. पुढच्या वर्षी यायचे, फक्त तीन दिवस राहायचे, तलवारी म्यानात ठेवायच्या. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रवेशाची तारीख, मुक्कामाची मुदत आणि अटी असे सगळे त्यात होते. एक पक्ष दुसऱ्याला मानत नव्हता, तरी यात्रेच्या परवान्यावर दोघांची सहमती झाली होती.

साथीदारांना हा तह मानहानीचा वाटला. त्यात एक अट तर जिव्हारी लागणारी होती. मक्केतून पळून मदिनेला येणाऱ्या माणसाला परत पाठवायचे होते. शाई वाळते न वाळते तोच सुहैलचाच मुलगा अबू जंदल पायांत बेड्या घेऊन तिथे पोहोचला. तो मुसलमान झाला होता म्हणून घरच्यांनी त्याला डांबले होते. अटीप्रमाणे त्याला परत द्यावे लागले. लोक इतके खिन्न झाले की कुर्बानी करून परत फिरण्याची आज्ञा झाल्यावरही कुणी जागचे हलेना. तेव्हा प्रेषितांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा यांनी सुचवले की, कुणाशी काही न बोलता आपण आधी स्वतःची कुर्बानी करा, डोके मुंडवून घ्या. तसे झाले आणि मग सारे उठले.

पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे उमरा झाला. तीन दिवस पूर्ण होताच मुसलमान मक्का सोडून निघाले. कुरआनने या तहाला विजय म्हटले आहे. पुढे कुरैशांच्या मित्र टोळीने तह मोडला. त्यानंतर हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये मक्का जवळपास रक्तपाताविना मुसलमानांच्या हाती आली.

‘मान्यता’ वेगळी, ‘संबंध’ वेगळे

हुदैबियात जे दोन पक्षांनी चाचपडत शोधले, त्याचे आज आंतरराष्ट्रीय नियम झाले आहेत. त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. एखाद्या देशाला देश म्हणून मान्य करणे ही एक गोष्ट. त्याच्याशी राजनैतिक संबंध ठेवणे, म्हणजे राजदूत पाठवणे आणि बोलावणे, ही दुसरी. मान्यता असूनही संबंध नसू शकतात. भांडण झाले की बहुधा दुसरी गोष्ट तुटते, पहिली नाही.

१९६१ च्या व्हिएन्ना करारातील पंचेचाळिसाव्या कलमात यावर तोड आहे. संबंध तुटल्यावर एखादा देश आपल्या नागरिकांची आणि मालमत्तेची काळजी तिसऱ्या देशावर सोपवू शकतो. फक्त तो तिसरा देश समोरच्याला चालला पाहिजे. याला हितरक्षक देश म्हणता येईल. स्वित्झर्लंडने हे काम सर्वांत जास्त केले आहे. १९८० पासून तेहरानमध्ये अमेरिकेचे काम स्वित्झर्लंडचा दूतावास बघतो, तर वॉशिंग्टनमध्ये इराणचा कक्ष पाकिस्तानच्या छत्राखाली चालतो. पण अमेरिकेचा व्हिसा तेहरानमध्ये मिळत नाही. त्यासाठी इराणी माणसाला वर्षानुवर्षे तुर्कस्तान, आर्मेनिया किंवा संयुक्त अरब अमिरात गाठावे लागत असे. मुलाच्या पदवीदान समारंभाला जाऊ पाहणाऱ्या आईबापांना मुलाखतीसाठी आधी एक परदेशवारी करावी लागे आणि नकार आला तर तो खर्च वाया जाई.

१९६३ च्या दुसऱ्या व्हिएन्ना करारात आणखी एक महत्त्वाची ओळ आहे. राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्य दूतावासाचे संबंध आपोआप तुटत नाहीत, असे तो करार सांगतो. वाणिज्य दूतावास म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, जन्म-मृत्यूचे दाखले अशी माणसांची कामे करणारे कार्यालय. राजकारण्यांचे दार बंद झाले तरी माणसांची खिडकी उघडी ठेवायची मुभा कायद्याने दिली आहे. ती ठेवायची की नाही, हे मात्र सरकारांच्या मर्जीवर असते.

राजदूत नव्हते, तरी दर्ग्याची यादी झाली

ही खिडकी आपल्याच उपखंडात कशी उघडली गेली, हे फारसे कुणाच्या लक्षात नाही. ६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगलादेशला मान्यता दिली आणि त्याच दिवशी पाकिस्तानने भारताशी राजनैतिक संबंध तोडले. युद्ध संपले, जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, पण राजदूत परतले नाहीत. जवळपास साडेचार वर्षे दोन्हीकडचे काम स्वित्झर्लंडने पाहिले. कोकणातील कित्येक मुस्लिम कुटुंबांचे नातेवाईक कराचीत होते. खुशाली आणि मयतीची बातमीसुद्धा वळसा घालून येई.

संबंध तुटलेलेच असताना, १४ सप्टेंबर १९७४ रोजी, इस्लामाबादमध्ये टपाल, दूरसंचार आणि प्रवास यांविषयीचे करार झाले. प्रवासाच्या करारात व्हिसाचे नियम ठरले. कोणत्या गावी जायचे ती गावे व्हिसावर लिहायची, पोहोचल्यावर पोलिसांत नोंद करायची, अशी त्याची कडक रचना होती. त्याच दिवशी धार्मिक स्थळांच्या यात्रेसाठी एक वेगळा मसुदाही सह्या होऊन मंजूर झाला. पाकिस्तानातून अजमेरला ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांच्या उरुसाला, दिल्लीत निजामुद्दीन औलिया आणि अमीर खुसरो यांच्या दर्ग्याला यात्रेकरू येणार. भारतातून ननकाना साहिब, पंजा साहिब, कटासराज, लाहोरचा दाता गंजबख्श दर्गा इथे जथे जाणार. शीख, हिंदू आणि मुसलमान तिघांचीही ठिकाणे त्या यादीत आहेत.

राजदूत परतले ते १९७६ च्या जुलैमध्ये. त्याच महिन्यात अमृतसर-लाहोर रेल्वे सुरू झाली, तीच समझोता एक्स्प्रेस. म्हणजे राजदूतांच्या आधी दोन वर्षे यात्रेकरूंचा कागद तयार झाला होता.

तो मसुदा आजही लागू आहे. ऑगस्ट २०१९ पासून दोन्ही राजधान्यांत पूर्ण दर्जाचे उच्चायुक्त नाहीत; संबंध तुटलेले नाहीत, पण खालावलेले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर व्हिसे रद्द झाले, अटारीची वाट बंद झाली, मे महिन्यात लष्करी संघर्ष झाला. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात गुरू नानक जयंतीला शीख भाविकांचा जथा अटारीहूनच ननकाना साहिबला गेला. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कागदात अजून एवढी धुगधुगी आहे. जथ्यात बसणाऱ्यांना ती उपयोगी पडते. बहिणीच्या मयतीला जाऊ पाहणाऱ्या एकट्या माणसाला मात्र कोणत्याही यादीत जागा नसते.

एका फेरीचा पासपोर्ट

संबंध नसलेल्या देशांतून हजला जाण्याची सर्वांत विलक्षण वाट जॉर्डनमधून जाते. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले तेव्हा त्याच्या हद्दीत लाखाहून अधिक मुसलमान राहिले आणि त्या देशाचे नागरिक झाले. सौदी अरेबियाने इस्रायलला मान्यता दिलेली नव्हती. त्यामुळे इस्रायलचा पासपोर्ट घेऊन मक्केला जाणे अशक्य होते. तीस वर्षे गेली. हजची आस घेऊन एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

१९७८ मध्ये तोड निघाली. हे यात्रेकरू पूल ओलांडून जॉर्डनमध्ये जायचे, तिथे त्यांना जॉर्डनचा तात्पुरता पासपोर्ट मिळायचा, त्यावर सौदीचा हजचा व्हिसा आणि पुढे बसने मक्का. यात्रा संपली की हा पासपोर्टही संपला. त्याने कुणी जॉर्डनचा नागरिक होत नाही. गंमत अशी की तेव्हा जॉर्डन आणि इस्रायल यांच्यातही राजनैतिक संबंध नव्हते. त्यांचा शांतता करार झाला १९९४ मध्ये. म्हणजे उरलेल्या दोन देशांपैकी एकाचेही इस्रायलशी अधिकृत बोलणे नसलेल्या त्या साखळीत तिघांनाही डोळे थोडे मिटून घ्यावे लागले. इस्रायलने आपल्या नागरिकाला दुसऱ्या देशाचा कागद घेऊ दिला, जॉर्डनने परक्याला आपला कागद दिला आणि सौदीने तो कुणाच्या हातात आहे हे न विचारता त्यावर शिक्का मारला. हुदैबियात शब्द पुसून जे साधले, ते इथे पासपोर्ट बदलून साधले.

शिक्का कुठे मारायचा?

अशी तोड प्रत्येक वेळी निघतेच असे नाही. इराण आणि सौदी अरेबिया यांच्या भांडणात हे दोनदा दिसले. ३१ जुलै १९८७ रोजी हजच्या काळात मक्केत इराणी यात्रेकरूंची निदर्शने आणि सुरक्षा दलांशी झटापट झाली. चारशेहून अधिक माणसे गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सौदीने संबंध तोडले. लोकसंख्येनुसार प्रत्येक देशाचा कोटा ठरवण्यात आला, इराणला तो अमान्य झाला आणि १९८८, ८९, ९० अशी तीन वर्षे इराणमधून हजला कुणी गेले नाही. १९९१ मध्ये संबंध जुळले आणि त्या वर्षी एक लाखाहून अधिक इराणी मक्केत पोहोचले.

दुसरी वेळ २०१६ ची. आदल्या वर्षी मिना इथल्या चेंगराचेंगरीत शेकडो इराणी यात्रेकरू दगावले होते, त्याचा राग होताच. जानेवारी २०१६ मध्ये सौदीने शिया धर्मगुरू शेख निम्र यांना मृत्युदंड दिला, तेहरानमधल्या सौदी दूतावासावर जमाव चालून गेला आणि संबंध तुटले. हजसाठी बोलणी मात्र झाली. त्यातला एक मोठा मुद्दा अगदी साधा होता: दूतावास नाही, मग व्हिसा द्यायचा कुठे आणि कुणी? विमाने कुणाची आणि यात्रेकरूंची सुरक्षा कशी, हेही प्रश्न होते. बोलणी फिसकटली. दोघांनी एकमेकांना दोष दिला. त्या वर्षी इराणमधून एकही अधिकृत जथा गेला नाही.

पण याच गोष्टीचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. संबंध तुटलेलेच राहिले आणि तरी २०१७ मध्ये पुन्हा बोलणी होऊन ऐंशी हजारांहून अधिक इराणी हजला गेले. पुढे दोन्हीकडचे काम बघायला स्वित्झर्लंड हितरक्षक म्हणून उभा राहिला. चीनच्या मध्यस्थीने संबंध पूर्ववत करण्याचे ठरले ते मार्च २०२३ मध्ये. मधल्या काळात, करोनाची दोन वर्षे सोडली तर, दूतावासाविना हज चालू राहिला. उमऱ्याची वाट त्याहूनही आधी, २०१५ मध्ये बंद झाली होती. ती उघडली एप्रिल २०२४ मध्ये. या नऊ वर्षांत ज्यांचे वय उमऱ्याचे होते आणि आता नाही, त्यांची नोंद कोणत्याही सरकारच्या दप्तरात नसते.

मुंबईतली दोन कार्यालये

बिनदूतावासाच्या व्हिसाचा एक लांबलचक अध्याय मुंबईतही लिहिला गेला आहे. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पण राजदूतांची देवाणघेवाण केली नाही. १९५३ मध्ये इस्रायलला मुंबईत वाणिज्य दूतावास उघडू दिला, दिल्लीत काही नाही. पूर्ण संबंध जुळायला २९ जानेवारी १९९२ उजाडला. जवळपास चाळीस वर्षे ही एकच खिडकी होती आणि तिचा उपयोग सर्वांत जास्त झाला तो मराठी माणसांना. अलिबाग-पेणपासूनच्या गावांत शतकानुशतके राहिलेले, शनिवारी काम न करणारे तेली म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल ज्यू याच काळात हजारोंनी तिकडे गेले. घरात मराठी बोलणारी, पुरणपोळी करणारी ही माणसे. राजधान्यांमध्ये राजदूत नसले तरी मुंबईतल्या त्या खिडकीमुळे भाऊ भावाकडे जाऊ शकला. पॅलेस्टिनी जनतेच्या हक्कांविषयी भारताची भूमिका त्या काळात ठाम होती आणि त्या भूमिकेला धक्का न लावता ही खिडकी उघडी राहिली, हे विसरता येत नाही.

आज असेच काम तैवानच्या बाबतीत चालते. भारताचे तैवानशी राजनैतिक संबंध नाहीत. पण १९९५ पासून तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आहे, तर भारतात ‘तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर’ आहे. दिल्ली आणि चेन्नईनंतर २०२४ मध्ये ते मुंबईतही आले. पाटीवर दूतावास हा शब्द नाही. आत व्हिसाचे काम होते.

पाटीवरचे नाव बदलायचे, तिसऱ्याचा झेंडा लावायचा, दुसऱ्याचा पासपोर्ट द्यायचा, एक शब्द पुसायचा. या सगळ्या युक्त्या सरकारांना माहीत आहेत. त्या वापरण्यासाठी आधी मैत्री व्हावी लागत नाही, कुणाला आपली भूमिका सोडावी लागत नाही. म्हणून ‘आमचे त्यांच्याशी संबंध नाहीत’ हे उत्तर यात्रेकरूला किंवा आईला भेटू पाहणाऱ्या मुलाला देताना कुणीही ते शेवटचे उत्तर म्हणून देऊ नये. वाट नसते तेव्हा बहुधा ती काढायची इच्छा नसते, असेच आजवरचे दाखले सांगतात.

यंदाही मोहल्ल्यातून कुणी ना कुणी उमऱ्याला निघेल. इफ्तारनंतर भेटायला येणारे आपापली दुआ त्यांच्याकडे सोपवतील: कुणाचे आजारपण, कुणाची नोकरी, कुणाच्या मुलीचे लग्न. त्या यादीत आणखी एक दुआ घालता येईल. ज्यांचा कागद अजून कुठल्यातरी टेबलावर अडकला आहे, त्यांच्यासाठी.